रासायनिक सूत्रांची मांडणी: डीटीपीत नव्याने येणाऱ्यांसाठी

ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे, महापे, तुर्भे आणि पलीकडे तळोजा या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत, तर ठाणे शहरात अकरावी-बारावीचे आणि प्रवेशपरीक्षांचे क्लास जागोजागी आहेत. त्यामुळे या भागात डीटीपी (संगणकावर छपाईची मांडणी) शिकणाऱ्याच्या टेबलावर रासायनिक सूत्रे आज ना उद्या येतातच. कधी ती ड्रमच्या लेबलवर असतात, कधी १६ विभागांच्या सुरक्षा माहितीपत्रकात, कधी क्लासच्या नोट्समध्ये. हे काम मी इनडिझाइन आणि कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षे करत आले आहे. नव्या मुलामुलींना माझे सांगणे असते की सूत्र पडद्यावर बरोबर दिसले म्हणजे काम झाले असे समजू नये. फॉन्ट बदलला, मजकूर सरकला किंवा फाइल दुसऱ्या ऑपरेटरच्या हाती गेली, तरी ते बरोबर राहिले पाहिजे.

पहिली अडचण मूळ मजकुरातच असते. ईमेल किंवा एक्सेलमधून आलेल्या मजकुरात खालचे-वरचे अंक बहुधा सपाट होऊन येतात. पाण्याच्या सूत्रातला २ खाली न्यायचा हे कोणालाही कळते. पण सल्फेट आयन जेव्हा एस, ओ, ४, २ आणि वजा असा एका ओळीत येतो, तेव्हा ४ खाली आणि ‘२−’ वर जातो हे ज्याला माहीत नाही, तो बेचाळीस ऑक्सिजन खाली बसवून मोकळा होतो. १० चा पाचवा घात सपाट होऊन १०५ झाला, तर ती चूक आहे हे वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणून काम हाती घेतानाच ग्राहकाकडून पीडीएफ किंवा हाताने खुणा केलेली छापील प्रत मागून घ्यावी. प्रभार (आयनावरचा विद्युतभार) लिहिताना अंक आधी आणि चिन्ह नंतर येते, म्हणजे ‘२+’, ‘+२’ नव्हे. आणि वजाचे चिन्ह म्हणून हायफन न वापरता खरे वजाचिन्हच घालावे, कारण लहान आकारात हायफन जवळजवळ दिसेनासा होतो.

अंक एकेक करून निवडायचा, लहान करायचा आणि खाली ओढायचा, ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडावी. इनडिझाइनमध्ये सबस्क्रिप्टचा, म्हणजे खालच्या अंकाचा, ठरलेला आकार ५८.३ टक्के आणि उतार (अंक किती खाली सरकतो ते) ३३.३ टक्के असतो, आणि मराठी मजकुरात हे दोन्ही आकडे गैरसोयीचे ठरतात. लेबलवर ६ पॉइंटचा मजकूर असेल तर खालचा अंक जेमतेम साडेतीन पॉइंटचा होतो आणि छपाईत त्याची पोकळी शाईने भरून जाते. शिवाय तो इतका खाली उतरतो की खालच्या ओळीतला रफार, वेलांटी किंवा मात्रा त्याला जाऊन भिडते. इंग्रजी पानावर हा त्रास एवढा जाणवत नाही, कारण तिथे शिरोरेषेच्या वर काही चढवायचे नसते. मी आकार ६५ ते ७० टक्के आणि उतार १५ ते २० टक्के ठेवते, ओळींमधले अंतर थोडे वाढवते आणि हे सगळे एका कॅरॅक्टर स्टाइलमध्ये (निवडलेल्या अक्षरांना एकदम लावता येणाऱ्या, नाव देऊन जपलेल्या मापांमध्ये) बांधून टाकते. फॉन्टमध्ये खास आरेखलेले खालचे अंक असतील तर ते वापरणे सर्वांत उत्तम, कारण त्यांची जाडी शेजारच्या अक्षरांशी जुळते. सूत्र ओळीच्या शेवटी तुटू नये यासाठी ‘नो ब्रेक’ची खूण सूत्राच्या स्टाइलमध्येच करून ठेवावी.

पुढची पायरी ग्रेप स्टाइलची, म्हणजे ठरावीक नमुन्याचा मजकूर ओळखून त्याला आपोआप स्टाइल लावणाऱ्या इनडिझाइनमधल्या सोयीची. इंग्रजी अक्षराच्या किंवा बंद कंसाच्या लगेच मागून आलेला अंक आपोआप खाली जावा, असा नियम पॅराग्राफ स्टाइलमध्ये (पूर्ण परिच्छेदाला लागणाऱ्या स्टाइलमध्ये) लिहिता येतो. समीकरणातला सहगुणक अक्षराच्या आधी येत असल्यामुळे तो जागेवरच राहतो. मात्र हा नियम आंधळा असतो. सल्फ्युरिक आम्लाच्या लेबलवर यूएन १८३० हा धोकादायक मालाचा क्रमांक मध्ये जागा न सोडता टाइप केलेला असेल तर १८३० सुद्धा खाली घसरतो, आणि आयनावरचा वर जाणारा अंकही या नियमाच्या तावडीत सापडतो. म्हणून नियम सरसकट न लावता फक्त सूत्रे असलेल्या परिच्छेदांच्या स्टाइलला लावावा. कोरलमध्ये ही सोय नाही. मोठे काम असेल तर ते तिथे करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

युनिकोडमध्ये खालचे अंक स्वतंत्र चिन्हे म्हणूनही आहेत. मजकूर वेबसाइटवर किंवा एक्सेलमध्ये जाणार असेल तर ती उपयोगी पडतात, कारण कॉपी केल्यावर ती सपाट होत नाहीत. छपाईच्या कामात मात्र अनेक देवनागरी फॉन्टमध्ये ती नसतात, मग तिथे चौकोन उमटतो. दोन्ही पद्धती एकाच फाइलमध्ये मिसळल्या तर फाइंड-चेंज अर्धीच सूत्रे शोधते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टची फाइल असेल तर सगळा मजकूर निवडून फॉन्ट कधीही बदलू नये. सूत्रातली इंग्रजी अक्षरे तत्क्षणी मराठी अक्षरांचा काला होऊन बसतात. फॉन्ट पॅराग्राफ स्टाइलमधून बदलला तर सूत्राच्या कॅरॅक्टर स्टाइलला धक्का लागत नाही.

सर्वांत घातक आहे ती ‘ऑल कॅप्स’ची सोय. कोबाल्टच्या संज्ञेत पहिले अक्षर कॅपिटल आणि दुसरा ओ स्मॉल असतो. शीर्षक कॅपिटलमध्ये करण्याच्या नादात तो ओ मोठा झाला, की कोबाल्ट क्लोराइडच्या जागी कार्बन, ऑक्सिजन आणि दोन क्लोरीन असे वाचले जाते, आणि ते सूत्र फॉस्जीनचे, म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेल्या विषारी वायूचे आहे. क्लोरीनमधला स्मॉल एल एरियलसारख्या फॉन्टमध्ये कॅपिटल आयसारखाच दिसतो. अशा कामाला हे दोन्ही वेगळे दाखवणारा फॉन्ट निवडावा. प्रूफ तपासताना एकाने मूळ प्रत ‘कॅपिटल सी, स्मॉल ओ’ अशी अक्षरागणिक मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवावे.

बाणांच्या बाबतीत → हा साध्या अभिक्रियेचा, ⇌ हा समतोलाचा आणि ↔ हा संस्पंदनाचा (रेझोनन्सचा), हा फरक पाठच करावा. रेघ ओढून बाण काढला तर मजकूर सरकताच तो मागे राहतो. वर उष्णता किंवा उत्प्रेरक लिहायचा असेल तर बाण अँकर्ड ऑब्जेक्ट म्हणून, म्हणजे मजकुराबरोबर सरकेल असा बांधून, ओळीत बसवावा.

बेंझीनसारख्या संरचना पेन टूलने काढत बसू नयेत. केमड्रॉ या रासायनिक आकृत्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीची मापे तयार मिळतात. त्यात बंधाची लांबी ०.५०८ सेंटिमीटर आणि रेषेची जाडी ०.६ पॉइंट असते. सगळ्या आकृत्या त्याच मापात काढून एकाच टक्केवारीने लहान-मोठ्या कराव्यात, नाहीतर एकाच पानावर तीन आकारांची बेंझीनची कडी दिसतात. इलस्ट्रेटरमध्ये आकाराबरोबर रेषेची जाडी बदलायची की नाही, याचा पर्याय आधी तपासावा.

प्रेसवाले ‘फाइल कर्व्ह करून द्या’ (म्हणजे अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून द्या) म्हणतात तेव्हा तशी प्रत द्यावी, पण टाइप केलेला मजकूर शाबूत असलेली फाइल वेगळ्या नावाने आपल्याकडे ठेवावी, कारण पुढच्या वेळी ग्राहक एकच अंक बदलायला सांगतो आणि कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये तो शेजारच्या लेबलवरून उचलून चिकटवण्याचा मोह होतो.