बोर्ड रात्री बघा, सकाळी पुन्हा बघा

एप्रिल २०१९. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात मी वादीतर्फे अकरापासून पुकाऱ्याची वाट बघत बसले होते आणि माझा दावा भलत्याच मजल्यावर पुकारला गेला. आठवडाभर आधी तो दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग झाला होता आणि मी जुनीच नोंद धरून बसले होते. प्रतिवादीचे वकील हजर, मी गैरहजर, दावा काढून टाकला. मग दावा पुन्हा चालू करायला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ रूल ९ खाली अर्ज, शपथपत्र आणि पक्षकाराची ती नजर. अशा अर्जाला मुदत ३० दिवसांची. तेवढ्यात केला म्हणून निभावलं. त्यानंतर ज्या सवयी लावून घेतल्या, त्या माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ज्युनिअरच्या मागे लावते.

वकालतनामा दाखल केला त्याच दिवशी केसचा सीएनआर नंबर, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, फाइलीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. १६ अक्षर-आकड्यांचा असतो, शेवटचे चार आकडे वर्षाचे. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये तो टाकून केस ‘माय केसेस’मध्ये जतन करा. ही यादी तुमच्या फोनातच राहते, त्यामुळे महिन्यातून एकदा एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, आदल्या रात्री बघायचा आणि सकाळी घरून निघताना पुन्हा.

तरी कागदी डायरी सोडायची नाही. आणि डायरीत नुसती तारीख लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. ‘निशाणी ५ वर से (लेखी म्हणणं)’, ‘वादीच्या साक्षीदार २ चा उलटतपास’, ‘खर्च भरणे’ असं काम लिहा. संध्याकाळी रोजनामा, म्हणजे त्या दिवशी केसमध्ये काय झालं याची कोर्टाची नोंद, उघडून वाचा. तुम्ही उभे असताना ‘वकील गैरहजर’ अशी नोंद पडलेली मी पाहिली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्ज दिला तर ती दुरुस्त होऊ शकते, सहा महिन्यांनी कोण ऐकणार?

मुदतीच्या तारखांना फोनात तीन गजर लावा: दहा दिवस आधी, तीन दिवस आधी आणि आदल्या दिवशी. न वटलेल्या चेकच्या केसमध्ये बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. इथे महिना कॅलेंडरचा धरतात, ३० दिवसांचा नाही. लेखी जबाबाला ३० दिवस, कोर्टाच्या परवानगीने ९०. व्यावसायिक दाव्यात १२० च्या पुढे न्यायाधीशांचेही हात बांधलेले. अपील करायचं असेल तर निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. नक्कल तयार व्हायला लागणारा वेळ मुदतीतून वजा होतो, पण अर्ज केल्यावरच.

नव्या कायद्यांनी आम्हा जुन्यांनाही पुन्हा पहिलीत बसवलं आहे. अटकपूर्व जामीन सीआरपीसीत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, कलम ४३८ होतं, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ झालं. आणि जुनं ४८२ म्हटलं की आमच्या डोक्यात हायकोर्टाचे अंगभूत अधिकार. ते आता ५२८ मध्ये. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर कलमं भारतीय दंड विधानाचीच लागतील, हे आधी तपासा. जुन्या-नव्या कलमांचा तक्ता छापून काळ्या कोटाच्या खिशात ठेवा. युक्तिवाद करताना मोबाईलमध्ये शोधायला जाऊ नका, बरं दिसत नाही.

आता एआय. गेल्या वर्षी माझ्या ज्युनिअरने सुंदर मसुदा आणला, तीन निवाड्यांसह. त्यातले दोन अस्तित्वातच नव्हते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली असंच करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. आपल्याकडे दंडाआधी अब्रू जाते. मशीनकडून मुद्द्यांची यादी घ्या, भाषा साफ करून घ्या, पण निवाडा ईएससीआरवर (सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांच्या साइटवर) किंवा हायकोर्टाच्या साइटवर उघडून संबंधित परिच्छेद स्वतः वाचा. आपल्या खंडपीठाच्या निकालावर ‘२०२३:बीएचसी-नाग’ असा न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कोर्टानेच दिलेला निकालाचा क्रमांक, असतो, तो जुळवून बघा. आणि पक्षकाराचे कागद फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नका. पक्षकाराने तुम्हाला सांगितलेलं गुपित नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने राखलेलं आहे, ते तुम्हीच वेशीवर टांगायचं?

टायपिंग युनिकोडमध्येच शिका. जुन्या फॉन्टमधला मसुदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसती किडामुंगी. पीडीएफ शोधता येईल अशी करा, पानांना नंबर आणि बुकमार्क द्या.

व्हॉट्सअ‍ॅपचा पुरावा घेऊन पक्षकार येतो तेव्हा त्याच्याजवळ नुसते स्क्रीनशॉट असतात. त्याला सांगा, फोन विकू नको, फॉर्मॅट करू नको, चॅट एक्स्पोर्ट कर. त्याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र दोन भागांचं असतं: भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलीचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. म्हणून फाइल हाती पडल्याबरोबर हॅश काढा, नंतर नाही. विंडोजमध्ये त्याची सोय आधीच आहे. प्रमाणपत्र का लागतं हे समजायला अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणातला २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा वाचा. तो जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब वर आहे, जालन्याच्या निवडणुकीतून निघालेला, म्हणजे आपल्याच राज्यातला.

इन्स्टाग्रामवर ‘बेस्ट वकील’ म्हणून रील टाकू नका, बार कौन्सिलचा जाहिरातबंदीचा नियम ३६ आहे. वेळ उरला तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जाऊन मागच्या बाकावर बसा. तेही सिव्हिल लाइन्समध्येच आहे. डोक्याला दुपट्टा बांधा आणि जा.

पुढची तारीख पक्षकाराला त्याच दिवशी कळवा. काटोलचे माझे एक पक्षकार संत्र्याच्या बागेत असतात, वाचत नाहीत, ऐकतात. त्यांना व्हॉइस नोट जाते: “काका, तारीख चौदा, अकराला या, सातबारा आणा.” काका उत्तरात फक्त अंगठा पाठवतात. त्या अंगठ्याची प्रिंट मी फाइलीत लावते.