मेंटर मिळाला, तरी रोमान्स कादंबरी पुढे सरकत नाहीये? मग या चुका टाळा

मेंटर मिळाला की अर्धं काम झालं असं वाटतं ना, मलाही वाटलेलं. पहिल्या मेंटरला मी 82 हजार शब्दांची अख्खी फाइल मेल केली आणि खाली एकच ओळ, "वाचून सांगा कसं वाटलं". तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "छान आहे, लिहीत राहा". तेव्हा जाम राग आला होता, आता कळतं की ती बिचारी दुसरं काय सांगणार, मी विचारलंच काय होतं?

त्यापेक्षा पहिली तीन प्रकरणं द्या, सोबत एका पानाचा सारांश, आणि त्यात शेवटही सांगून टाका (मेंटरपासून सस्पेन्स ठेवू नका प्लीज). मग दोनच प्रश्न विचारा. "फ्लो कसा आहे" याला प्रश्न म्हणत नाहीत. "तिसऱ्या प्रकरणात ती त्याला नाही म्हणते ते पटतं का, की पुस्तक लांबवायला म्हणतेय असं वाटतं?" असं विचारलंत तर कामाचं काहीतरी हाती लागतं.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि आपल्यासारखे, म्हणजे ज्यांच्यासारखी माणसं या पुस्तकांत फारशी दिसतच नाहीत असे लेखक, ती हमखास करतात. मेंटरची प्रत्येक कमेंट एकतर जशीच्या तशी मान्य करायची, नाहीतर "यांना आपलं जग कळतच नाही" म्हणून सगळीच उडवून लावायची. दोन्हीत नुकसान आहे कारण एका कमेंटमध्ये बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात, काय खटकलं ते आणि त्यावरचा उपाय. पहिली गोष्ट जवळजवळ नेहमी खरी असते, दुसरी मेंटरच्या स्वतःच्या जगातून आलेली असते.

समजा तुम्ही कर्णबधिर आहात, तुमचा नायकही आहे, आणि नायक-नायिकेचं पहिलं मोठं भांडण साइन लँग्वेजमध्ये होतं. मेंटर लिहितो, "इथे राग पोचत नाही, तो ओरडला तर?" ओरडणं सोडून द्या, पण "पोचत नाही" हे सोडू नका. परत सीन वाचा, कदाचित तुम्ही फक्त अवतरणचिन्हांत संवाद टाकलेत, हातांचा वेग नाही, कोण कोणाकडे बघतंय ते नाही. साइन लँग्वेजमध्ये भांडताना समोरच्याने डोळे मिटून घेतले की तुमचं बोलणंच संपलं, एवढा जबरदस्त क्षण ओरडण्यात कुठून येणार! हे मेंटरला सुचणार नव्हतं, पण त्याने खटकलं म्हणून सांगितलं नसतं तर तुम्हीही ते लिहिलं नसतं.

याच्या उलटही होतं. शेवटी नायक मरतो, मेंटर म्हणतो बदला, आणि लेखकाला वाटतं आपल्या वास्तवावर घाला आला. तसं नाहीये हो. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संस्थेची रोमान्सची व्याख्याच दोन गोष्टींची आहे, मध्यवर्ती प्रेमकथा आणि मनाला समाधान देणारा, आशावादी शेवट. दुःखान्त प्रेमकथा खुशाल लिहा, फक्त तिला रोमान्स म्हणून पाठवू नका, वाचक चिडतात.

पण "तुमच्या समाजाची गोष्ट आहे ना, मग त्रास कमी पडतोय" अशी कमेंट आली तर मात्र थांबा. मी असल्या कमेंटवर एक प्रश्न विचारते, हा अडथळा या दोघांमधला आहे का? नायिका व्हीलचेअरवर आहे म्हणून पानभर रडगाणं हवंच असं कुठेय, तिला त्याच्यावर विश्वास ठेवायला भीती वाटते हा संघर्ष पुरतो की. आणि शेवटी ती चमत्काराने चालायला लागते हा सल्ला तर कुणीही दिला तरी घेऊ नका. तुमच्या घरच्या बोलीतले शब्दही प्रत्येक वेळी अर्थासकट समजावत बसू नका, प्रसंगातून कळतात.

प्रकाशकाकडून नकार आला की लगेच "माझं लिखाणच वाईट" हेही नको. वर ज्या संस्थेचं नाव घेतलं ती 1980 मध्ये व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादिकेच्या पुढाकाराने उभी राहिली, आणि तिचाच रिटा अवॉर्ड, म्हणजे रोमान्स कादंबऱ्यांचा पुरस्कार, कृष्णवर्णीय लेखिकांना पहिल्यांदा मिळाला तो 2019 साली! अमेरिकेतल्या 'द रिप्ड बॉडिस' या फक्त रोमान्स विकणाऱ्या दुकानाने मोजणी केली तेव्हा 2017 मध्ये मोठ्या रोमान्स प्रकाशकांच्या दर 100 पुस्तकांत गोरे नसलेल्या लेखकांची जेमतेम 6.2 निघाली. म्हणून मेंटरला नकाराचं पत्र दाखवा आणि सरळ विचारा, यात लिखाणाबद्दल काही आहे का, की नुसतं "अशी एक गोष्ट आमच्याकडे आधीच आहे" एवढंच आहे. पहिलं असेल तर दुरुस्ती, दुसरं असेल तर पुढचा प्रकाशक.

मेंटर आपल्याच समाजातला आहे म्हणजे त्याला सगळं ठाऊक असेल हेही धरून चालू नका. तो तुमच्या समाजातला एक माणूस आहे, अख्खा समाज नाही.

पैशांचं पटकन सांगते. फी घेऊन शिकवणं वेगळं, त्यात गैर काही नाही. पण "एवढे भरा, पुस्तक नक्की छापून देतो" म्हणणारा मेंटर नसतो, तिथून निघा. आणि किती महिने, महिन्यातून किती पानं, उत्तर किती दिवसांत, हे पहिल्याच मेलमध्ये लिहून घ्या. मधेच जमेनासं झालं तर गायब होऊ नका, दोन ओळींत सांगून मोकळे व्हा. मी गायब झाले होते एकदा, आणि दोन वर्षांनी मला ज्या संपादिकेची ओळख हवी होती ती नेमकी त्याच मेंटरची जवळची मैत्रीण निघाली.