पहिल्या मिशनवर जाताय? मग सिझर बाजूला काढून मोजा

परक्या ठिकाणी मदतीच्या मेडिकल मिशनवर पहिल्यांदा निघालेल्या सर्जनसाठी हे लिहितेय. ट्रायाज (आधी कोणाला घ्यायचं ते ठरवणं), डॅमेज कंट्रोल (आधी जीव वाचवण्यापुरतंच ऑपरेशन) वगैरे तुम्हाला येतंच, ते सांगत बसत नाही. मी जिथे फसले तेवढंच सांगते, अजूनही ते मनातून गेलेलं नाही.

पहिल्या मिशनवर ऑपरेशन थिएटरच्या (ओटी) रजिस्टरवरून महिन्याचा रिपोर्ट करायचं काम माझ्याकडे आलं. मोजलं तर निम्म्याहून जास्त पेशंट बायका. मला इतकं बरं वाटलं, लिहून टाकलं की बायकांना सर्जरी नीट मिळतेय. टीममधल्या मिडवाइफने वाचलं आणि एवढंच म्हणाली, "डॉक्टर, सिझर काढून मोजा ना." मोजलं, तर बायका बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. मी स्वतः बाई असून मला हे दिसलं नव्हतं.

परत सांगते, कारण इथेच सगळे घसरतात. लॅन्सेट या मेडिकल जर्नलने जगभरातल्या सर्जरीवर नेमलेल्या कमिशनने २०१५ मध्ये हॉस्पिटलची कुवत बघायला तीन ऑपरेशनं धरली, सिझेरियन, लॅपरोटॉमी (पोट उघडून करायचं ऑपरेशन) आणि ओपन फ्रॅक्चर (जखमेतून उघडं पडलेलं मोडकं हाड) यावरचे उपचार. त्यातलं पहिलं बायकांचंच, आणि मिशनवर त्याची संख्या कायम मोठी, त्यामुळे एकूण आकडा छान दिसतो आणि मोडलेल्या पायाची बाई घरीच राहते. उलटही घाई नको हं, गोळीच्या जखमा आणि जांघेतला हर्निया पुरुषांत जास्तच असतात, तेवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही. भाजणं, अपेंडिक्स, पडून मोडलेलं हाड यांत बायका किती आहेत ते बघा. आणि दुखणं सुरू झाल्यापासून पोचायला किती दिवस लागले ते लिहाच.

एक बाई भाजलेला हात घेऊन बाराव्या दिवशी आली, ओढणीत गुंडाळलेला, बोटं एकमेकांना चिकटलेली. उशीर का, तर दीर गावाला गेला होता, सोबत आणणारं कोणी नव्हतं. कन्सेंटला सगळे दिराकडेच बघत होते, दुभाष्यासुद्धा त्याच्याशीच बोलत होता. मी बाई दुभाषी बोलावली, पडदा ओढला, तेव्हा पहिल्यांदा ती स्वतः बोलली, विचारलं की या हाताने बाळ उचलता येईल का. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची संमती तिचीच, घरच्यांना समजावून सांगा पण तिच्याऐवजी त्यांना विचारू नका.

ऑनलाइन सर्टिफिकेटं गोळा करून यातलं काही येत नाही, असं माझं ठाम मत. मेंटॉर म्हणून दहा मिशनं केलेल्या सर्जनच्या मागे लागण्यापेक्षा मिडवाइफ आणि ओटी सिस्टरजवळ बसा, बाहेर कोण थांबलंय हे त्यांना आधी कळतं. आणि हो, हात लहान असतील तर सहा, साडेसहाचे ग्लोव्हज निघायच्या आधीच मागून घ्या, आमच्याकडे साडेसातच्या खाली काही नव्हतं आणि सैल ग्लोव्हमध्ये गाठ मारताना रडू येतं.

घाबरू नका पण. पहिले दोन आठवडे सगळं अंगावर येतं, सगळ्यांनाच येतं. आमच्या रजिस्टरमध्ये दिवसांचा कॉलम नव्हता, मिडवाइफने पट्टी घेऊन पेनने आखला, आणि त्यात पहिला आकडा मी बारा लिहिला.