कबड्डीची पोरं अमेरिकन फुटबॉल खेळायलेत? आधी ब्लॉकिंग नीट शिकवा, गुडघे वाचतील

आमच्याकडं परभणीत सकाळी ग्राउंडवर कबड्डीची पोरं येतात, त्यातली सात-आठ जण मोबाईलवर व्हिडिओ बघून आता अमेरिकन फुटबॉल खेळायलेत, लांबुळका बॉल मागवलाय पण हेल्मेट एकाकडं बी नाही. खेळायला माझी ना नाही. पण परवा एकानं समोरच्याला छातीशी अडवून धरलं आणि दुसरा खाली वाकून खांद्यानं त्याच्या गुडघ्यात घुसला, माझ्या तर काळजाचा ठोका चुकला. पोरं म्हणाली, सर, कबड्डीत बी एक जण पाय धरतो अन् बाकीचे वरून पडतातच की.

तर आधी हे समजावून सांगा. कबड्डीत अँकल होल्ड म्हणजे हातानं घोटा धरणं. फुटबॉलमधी हे लोक पळत येऊन अख्ख्या अंगाचं वजन गुडघ्यावर टाकतात. वरच्यानं धरून ठेवल्यामुळं त्या पोराचा पाय जमिनीत रोवलेला असतो, उडी मारून पाय काढून घ्यायला त्याला जागाच नसते, मग बाजूनं दणका बसला की गुडघ्याच्या आतला एसीएल नावाचा लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारा पट्टा, तुटतो. ऑपरेशन करून परत मैदानावर यायला ९ महिने ते वर्ष लागतं. एकानं वर धरायचं अन् दुसऱ्यानं खाली मारायचं, ह्याला चॉप ब्लॉक म्हणतात, एनएफएलनं, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगनं, २०१६ पासून तो पूर्ण बंद केलाय. दंड १५ यार्ड, म्हणजे ती टीम साधारण १४ मीटर मागं, आपलं पुरुषांचं कबड्डीचं मैदानच १३ मीटर लांब असतं, त्यावरून अंदाज घ्या.

अजून एक गोंधळ पोरांचा होतो. ज्याच्या हातात बॉल आहे त्याला पाडणं म्हणजे टॅकल, आणि आपल्या बॉलवाल्याला वाट मोकळी करून द्यायला दुसऱ्याला अडवणं म्हणजे ब्लॉक. ज्याला ब्लॉक करता त्याच्याकडं बॉल नसतो, बऱ्याचदा त्याची नजर बी दुसरीकडं असते, म्हणून ब्लॉकचे नियम कडक.

शिकवायचं कसं ते सांगतो. दोन बारदानी पोती एकात एक घाला, आत सोयाबीनचं भुसकट दाबून भरा, एकाला ते छातीसमोर धरायला लावा. ब्लॉक करणाऱ्यानं गुडघे वाकवून कंबर खाली घ्यायची, पाठ सरळ, मान वर, नजर समोरच्याच्या छातीवर. मग छोटी छोटी पावलं टाकत दोन्ही तळहात उघडे ठेवून छातीवर लावायचे, अंगठे वर, कोपरं बरगड्यांजवळ, आणि जोर पायातून लावायचा. जर्सी मुठीत धरून ओढली की होल्डिंग, १० यार्ड गेले. पहिला आठवडा फक्त चालत करा, पळत अजिबात नाही. जवळ कुस्तीची तालीम असंल तर तिथल्या लाल मातीत करा, उन्हाळ्यात आपली काळी जमीन दगडासारखी होते, भेगा पडतात, त्या भेगेत पाय अडकला तर ब्लॉक न करताच गुडघा जाईल.

पोरांना मी एकच सवय लावायलोय, समोरच्याची छाती दिसली तर हात लाव, पाठ दिसली तर हात वर करून सोडून दे. मागून कंबरेखाली मारणं म्हणजे क्लिपिंग, तिथं बी १५ यार्ड. आणि आपल्याच गोलकडं तोंड करून उलटं पळत येऊन, समोरच्याचं लक्ष नसताना खांद्यानं उडवणं म्हणजे ब्लाइंडसाइड ब्लॉक. व्हिडिओत ह्यालाच सगळ्यात जास्त लाइक असतात, म्हणून पोरं तेच करायला बघतात. एनएफएलनं २०१९ मधी बंद केला, अमेरिकेतल्या शाळांत तर २०१७ पासूनच, तिथं असा ब्लॉक फक्त उघड्या हातानं चालतो. कंबरेखालचा साधा कट ब्लॉक काही ठिकाणी अजून चालतो, तिथल्या कॉलेजात २०२२ पासून फक्त मधल्या ठरलेल्या पट्ट्यात. आपल्या पोरांना तो शिकवूच नका.

डोकं खाली घालून घुसणं तर नाहीच नाही. मान साधारण ३० अंश वाकली की मणके एका सरळ रेषेत येतात अन् सगळा मार मणक्यावर जातो, स्नायू काही झेलत नाहीत. अमेरिकेत कॉलेज आणि शाळांनी डोक्यानं मारणं १९७६ मधीच बंद केलं. कुणी असा पडला अन् हातापायाला मुंग्या आल्या म्हणाला तर उठवू नका, मान हलवू नका, हेल्मेट असंल तर काढू नका, १०८ ला फोन लावा. डोक्याला मार लागून चक्कर, उलटी, नाहीतर एकच प्रश्न परत परत विचारायला लागला तर त्या दिवशी खेळ बंद, डॉक्टरला दाखवा.

हेल्मेट, पॅड अन् रेफरी नसताना मॅच खेळायचीच असंल तर फ्लॅग फुटबॉल खेळा. कमरेला पट्ट्या लावतात, बॉलवाल्याची पट्टी ओढली की तो थांबला. पाच-पाच जण, ब्लॉक नाही, टॅकल नाही, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधी हाच खेळ आहे.

गुडघ्यात कट्कन आवाज आला अन् तासा-दोन तासात सुजला, तर तेल लावून चोळू नका, कुणाकडं ओढून बसवायला बी नेऊ नका. कबड्डी खेळताना माझा गुडघा असाच गेला होता, घरच्यांनी मायेनं महिनाभर चोळला, मी बी बरं वाटलं म्हणून परत उतरलो अन् आतली गादी बी फाटली. फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवा, पाय वर घ्या, त्या पायावर वजन न देता हाडाच्या डॉक्टरकडं न्या, ते सांगतील तेव्हा एमआरआय करा.