घरात शिरणारा लाकडाचा धूर कसा ओळखावा आणि कसा आवरावा

लाकूड नैसर्गिक, मग त्याच्या धुरानं काय होणार, असं म्हणणारे खूप भेटतात. होतं, आणि बरंच होतं. या धुरातले बहुतेक कण २.५ मायक्रोमीटरहून बारीक असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड. असे कण नाका-घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतात आणि त्यातले अगदी सूक्ष्म रक्तातही जातात. दमा उसळतोच, शिवाय हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. बेंझीन, फॉर्मल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइड हेही त्याच धुरात असतात.

आधी आठवडाभर नोंद ठेवा. धूर किती वाजता येतो, वारा कुठला होता, घरात कोण खोकलं, एवढंच वहीत लिहा. नाकावर विसंबू नका. वासाला ते काही मिनिटांत सरावतं. थंडीत, वारा पडलेल्या संध्याकाळी विशेष लक्ष द्या. तेव्हा जमिनीलगतची हवा गार आणि वरचा थर उबदार असतो, त्यामुळे धूर झाकणाखाली कोंडल्यासारखा खालीच रेंगाळतो. हवामापन केंद्र लांब असेल तर तिथल्या आकड्यात तुमच्या गल्लीतली शेकोटी दिसणारच नाही. घरी हवेतले कण मोजणारं छोटं मापक असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा लक्षात ठेवा: पीएम २.५ ची, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांची, २४ तासांची सरासरी दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम.

आग आपलीच असेल तर सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. गॅस किंवा विजेची सोय असेल तर लाकूड पेटवूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पेटवावंच लागत असेल तर लाकूड सुकं हवं, ओलावा २० टक्क्यांच्या आत. ते फोडून, जमिनीपासून उचलून रचा. वरून झाका, बाजू मात्र वाऱ्याला उघड्या ठेवा. सुकायला निदान सहा महिने लागतात, कठीण लाकडाला वर्षाहून जास्त. दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहा. सुकलेले खणखणतात आणि त्यांच्या टोकांना भेगा दिसतात. ओले नुसते धप्प वाजतात. जाळ लहान पण भडक ठेवा. रात्रभर ऊब टिकावी म्हणून हवा कोंडून ओंडका धुमसत ठेवतात, त्याइतका धूर दुसऱ्या कशानं होत नाही. बाहेर जाऊन धुराड्याच्या टोकाकडे पाहा: नुसती गरम हवा थरथरताना दिसली तर ठीक, राखाडी धूर दिसला तर आत काहीतरी चुकतंय. प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड, प्लायवूड कधीही जाळू नका. धुराड्यातली काजळी दरवर्षी काढून घ्या.

धूर दुसऱ्याचा असेल तर वहीत टिपलेल्या वेळी खिडक्या लावा, दाराखालची फट कापडानं बुजवा, आणि हवा निवळली की सगळं उघडा. निदान झोपायची एक खोली तरी स्वच्छ राहू द्या; जमल्यास तिथे हेपा गाळणीचं (अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचं) हवाशुद्धी यंत्र लावा. त्या खोलीत सिगारेट, मेणबत्ती नको. आणि खिडक्या बंद असताना शेगडी तर मुळीच नको. बाहेर जाताना एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसवा. रुमाल ओला केला तरी बारीक कण त्यातून आरपार जातात.

शेजाऱ्याकडे तक्रार घेऊन जाण्याआधी वही घेऊन जा. ‘तुमच्यामुळे त्रास होतो’ यापेक्षा ‘रात्री नऊनंतर आमच्या बाळाला धाप लागते’ हे माणूस लवकर ऐकतो. आपला धूर कुठे जातो हे खूप जणांना खरोखरच ठाऊक नसतं.

कुणाकडे आधी बघायचं? तान्ही मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं, दमा किंवा हृदयविकार असलेले. मुलं वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, त्यामुळे त्याच खोलीत त्यांच्या वाट्याला जास्त धूर येतो. छातीत दाब, बोलताना तुटणारा श्वास किंवा निळसर ओठ दिसले तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

घरात आग पेटलेली असताना सगळ्यांचंच डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर तो कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. आग विझवत बसू नका; आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग मदतीला फोन करा.