ओव्हरटाइमचा हिशोब आणि पक्षांच्या देणग्या: दोन्ही कसे तपासावे
मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत लेथवर काम करतो. खिशात छोटी वही असते. गेटमधून आत आणि बाहेर गेल्याची वेळ तीत त्याच दिवशी लिहायची, आठवड्याने आठवून नाही. पंचिंगच्या नोंदीवर वाद झाला तेव्हा ही वहीच कामी आली.

आता दर काढा. मूळ पगार आणि भत्ते मिळून १५,६०० असतील, तर महिन्याच्या कामाच्या २६ दिवसांनी भागून दिवसाचे ६००, ते ८ तासांनी भागून तासाचे ७५. ओव्हरटाइमला दुप्पट, म्हणजे १५०; आधी हे कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ५९ मध्ये होतं, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतही दर दुप्पटच आहे. मला वर्षभर ७५ नेच दिले. स्लिपवर फक्त ‘ओटी’ लिहिलेलं असे, तास नाहीत. तासांचा आकडा लेखी मागा, कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रारीसोबत तो लागतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. असे बदल कोणाच्या मागणीवरून होतात, हे विचारायला हवं. कंपन्या ज्यांतून पक्षांना नाव जाहीर न करता देणगी देत, ते निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले, खरेदीदारांची यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. पक्षांचे २०,००० रुपयांवरच्या देणग्यांचे अहवालही तिथेच. आपल्या कंपनीचं नाव शोधा. देणगी दिसली म्हणून कायदा विकत घेतला असं ठरत नाही, पण आमदाराला थेट विचारता येतं: मसुद्यावर तुम्ही कोणाचं म्हणणं ऐकलंत, कामगार संघटनांना बोलावलं होतं का?