दोन इंजिनांचं कनार्ड विमान: फोम कापण्याआधीच या चुका टाळा

लाँग-ईझीसारख्या, फोम कापून त्यावर फायबर चढवून घरी बांधायच्या कनार्ड विमानाला (मोठा पंख मागे, छोटा पंख पुढे नाकाजवळ) दोन इंजिनं लावायची म्हटलं की हात आधी पेन्सिलीकडे जातो. नाशिकच्या अंबडला फायबरचे साचे बनवणारे आम्ही तिघे. एका रविवारी शेडमध्ये बसून दोन्ही पंखांवर एकेक इंजिन रेखाटलं. एक बंद पडलं तर दुसरं घरी आणेल, एवढाच विचार होता. पण विमान एका इंजिनावर खरंच उडेल का, हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवायला हवा.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जुन्याच विंगलेटच्या (पंखाच्या टोकाच्या उभ्या फळीच्या) रडरवर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या हलत्या भागावर, विसंबणं. नेहमीच्या विमानात रडर लांब शेपटीच्या टोकाला असतो, त्याला तरफ मिळते. कनार्डमध्ये तो पंखाच्या टोकाला, गुरुत्वमध्यापासून जेमतेम सव्वा मीटर मागे. आता हिशेब करा. १०० अश्वशक्तीचं इंजिन ताशी १५० किलोमीटर वेगाला साधारण १३५ किलोचा जोर देतं. ते मधल्या रेषेपासून एक मीटर बाजूला असेल, तर विमान सरळ ठेवायला विंगलेटवर शंभर किलोहून जास्त आडवा जोर लागतो. एवढ्याशा फळीला तो कुठून येणार?

आम्ही एकास पाच मापाचं मॉडेल करून त्र्यंबक रोडकडच्या माळावर नेलं. चढत असताना मुद्दाम डावी मोटर बंद केली. नाक डावीकडे वळलं, डावा पंख खाली गेला आणि दोन सेकंदांत मॉडेल उलटं होऊन आपटलं. उचलून पाहिलं तर विंगलेट मुळापासून तुटलेला, आणि उजवा रडर पूर्ण बाहेर वळलेलाच. म्हणजे रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरने, सर्व्होने, काम चोख केलं होतं, रडरच कमी पडला. मॉडेल तुटलं याचं वाईट वाटलं, पण त्यात माणूस बसलेला नव्हता.

लाँग-ईझीचाच रचनाकार बर्ट रुटान, त्याच्या डिफायंट विमानाने १९७८ मध्येच याचं उत्तर दिलं आहे. १६० अश्वशक्तीची दोन इंजिनं, एक नाकात आणि एक मागे, दोन्ही मधल्या रेषेत. एक बंद पडलं तरी विमान बाजूला ओढलं जात नाही. मात्र मागचं इंजिन थंडावलं तर हिसका बसत नाही, म्हणून धावपट्टीवर ते लक्षातही येत नाही. थ्रॉटल आधी मागच्या इंजिनाचा पुढे करा, आरपीएमचा काटा बघा, मगच पुढच्याला हात लावा.

दुसरी चूक आकडे समुद्रसपाटीचे धरण्याची. नाशिक सुमारे ६०० मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ४० ला गेला की हवा साडेसोळाशे मीटर उंचीवर असते तितकी विरळ होते. साध्या इंजिनाची ताकद पंधरा टक्क्यांच्या आसपास घटते, १०० ची ८५ उरते. सातशे किलोच्या विमानाला नुसतं तरंगत राहायला ७५ लागत असतील, तर चढायला उरली १०. हिशेबाने तेवढ्यात सेकंदाला जेमतेम पाऊण मीटर चढ मिळतो, आणि बंद इंजिनाचा पंखा हवेत फिरत राहिला तर तोही जातो. पाती हवेला समांतर होतील असा प्रोपेलर महाग आणि जड असतो, तरी त्याचं वजन आणि किंमत पहिल्याच कागदावर मांडा.

गुरुत्वमध्याबद्दल तडजोड करूच नका. कनार्डमध्ये पुढचा छोटा पंख आधी स्टॉल व्हायलाच हवा, म्हणजे त्याची उचल आधी सुटायला हवी, मग नाक आपोआप खाली येतं. दोन्ही इंजिनं मागे टाकली की वजन मागे सरकतं, मोठा पंख आधी स्टॉल होऊ शकतो आणि मग विमान आडवंच खाली येतं, सावरत नाही. मॉडेलवर हे ओळखता येतं. नाक वर करण्यासाठी एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी फळी) पूर्ण दिल्यावर ते हळूच डुलत राहिलं तर ठीक. वर चढतच गेलं, तर वजन पुढे आणा. तेही फार पुढे नको, नाहीतर उड्डाणाला नाकच उचलणार नाही आणि धावपट्टी संपेल. पावसाळ्याचाही विचार करा: लाँग-ईझीच्या जुन्या कनार्डवर पाण्याचे थेंब बसले की लिफ्ट (उचल) घटून नाक खाली यायचं, म्हणून नंतर जॉन रॉन्झने आखलेला पंखाच्या छेदाचा नवा आकार आला.

दोन्ही इंजिनांना इंधनाची वाट वेगळी द्या. मागच्या इंजिनाच्या झाकणाचा एक स्क्रू सुटला तरी तो थेट प्रोपेलरमध्ये जातो, तेव्हा प्रत्येक उड्डाणाआधी ते स्क्रू बोटाने चाचपा. डीजीसीएशी (भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाशी) बोलणंही साचा करण्याआधीच सुरू करा.

आमचं दुसरं मॉडेल डिफायंटसारखं आहे. मागची मोटर बंद करूनही ते सरळ उडालं, हळू चढलं. आता प्लायवूडची सीट आणि वाळूच्या पिशव्या ठेवून खऱ्या मापाच्या सांगाड्याचं वजन तीन काट्यांवर घेतोय.